निवासी शुश्रूषा केंद्रातील आप्तांची काळजी आणि कुटुंबाचा सहभाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वार्धक्य, स्मृतिभ्रंश, पक्षाघात किंवा दीर्घ आजार यांमुळे चोवीस तास शुश्रूषा लागणाऱ्या व्यक्तीला निवासी केंद्रात ठेवल्यानंतर कुटुंबीय जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. केंद्रांचे नियम ठिकाणपरत्वे वेगळे असतात, म्हणून जे कुठेही लागू पडेल त्यावरच भर दिला आहे. उपचारांविषयीचे निर्णय अर्थातच संबंधित डॉक्टरांशी बोलून घ्यावेत.

केंद्रात ठेवल्यावर कुटुंबाने करण्यासारखे काही उरते का?

उरते, फक्त कामाचे स्वरूप बदलते. अंघोळ घालणे, कूस बदलणे, वेळेवर औषधे देणे ही कामे आता प्रशिक्षित माणसे करतात. परंतु ही माणसे पाळीनुसार बदलत असतात, एका पाळीत त्यांना अनेक जणांकडे पाहावे लागते आणि त्यांच्यासमोर येतो तो माणूस आजारी अवस्थेतलाच असतो. तो मुळात कसा होता, काय आवडायचे, कशाने बिथरायचा, हे त्यांना कोणी सांगितल्याशिवाय कळण्याचा मार्ग नसतो. दोन दिवसांपासून गप्प बसलेले वडील नव्या परिचारिकेला शांत स्वभावाचे वाटू शकतात. मुलीला मात्र हे काहीतरी बिनसल्याचे लक्षण आहे, हे लगेच समजते. आपल्या माणसाची ओळख करून देणे आणि त्याच्यात झालेला बदल वेळीच लक्षात आणून देणे, ही दोन कामे कुटुंबाइतकी चांगली कोणालाच जमत नाहीत. या पानावरील बहुतेक उत्तरे फिरून याच दोन कामांपाशी येतात.

केंद्राला आमच्या माणसाविषयी नेमके काय सांगावे?

प्रवेशाच्या वेळी भरून घेतलेल्या अर्जात आजार, औषधे आणि संपर्काचे क्रमांक असतात. त्यातून माणूस कळत नाही. म्हणून एका पानावर मावेल अशी वेगळी माहिती मोठ्या, सुवाच्य अक्षरात लिहून द्यावी. ती एका पानापेक्षा मोठी नसावी, कारण पाळी सुरू होताना चार पाने वाचायला कोणालाही सवड नसते.

त्या पानावर कौतुकाचे वर्णन नको, रोजच्या कामी येईल असा तपशील हवा. कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते. किती वाजता उठण्याची आणि झोपण्याची सवय आहे. अंघोळ सकाळी की संध्याकाळी. रात्री दिवा लागतो की पूर्ण अंधार. उजव्या कुशीवर झोप लागते की डाव्या. कोणत्या कानाने कमी ऐकू येते. लघवीला जायचे असेल तेव्हा बोलून दाखवतात की नुसते चुळबुळ करतात. कोणता विषय काढला की चेहरा खुलतो आणि कोणता विषय चुकूनही काढू नये, हेही लिहावे. जोडीदाराच्या मृत्यूची आठवण पुसली गेली असेल, तर ती बातमी रोज नव्याने कोणी सांगू नये, हे आवर्जून नमूद करावे.

जुन्या कामधंद्याची माहिती तर अनेकदा औषधापेक्षा उपयोगी पडते. नोकरीत वर्षानुवर्षे रात्रपाळी केलेला माणूस मध्यरात्री उठून दारे तपासू लागला, तर त्याला 'त्रासदायक भटकणे' असा शेरा मिळण्याची आणि पाठोपाठ झोपेची गोळी सुरू होण्याची शक्यता असते. हा मनुष्य पहारेकरी होता, एवढे जर कर्मचाऱ्यांना ठाऊक असेल, तर त्याच्याबरोबर एक फेरी मारून 'सगळी कुलुपे लागली आहेत' असे सांगितल्यावर तो निवांत झोपू शकतो.

सुरुवातीचे काही दिवस भेटायला येऊ नका, म्हणजे ते लवकर रुळतील, असे सांगितले जाते. ते मानावे का?

सरसकट मानू नये. जागा बदलल्यावर गोंधळ वाढणे, भूक मंदावणे, झोप मोडणे किंवा घरच्यांवर चिडणे हे पहिले काही आठवडे चालतेच आणि काहींना रुळायला काही महिने लागतात. या काळात ओळखीचा चेहरा दिसणे बहुतेकांना आधार देणारे ठरते. मात्र एखाद्याला भेटीनंतर फार वेळ आकांत होत असेल, तर भेटी बंद करण्याऐवजी त्यांची वेळ आणि पद्धत बदलून पाहावी: थोडा वेळ थांबावे, जेवणाच्या किंवा एखाद्या कार्यक्रमाच्या तोंडावर निघावे आणि निरोपाचा सोहळा करू नये.

किती वेळा जावे आणि कोणत्या वेळी?

याचे आकड्यातले उत्तर नाही. रोज येऊन तासभर मोबाइल पाहत बसणाऱ्यापेक्षा आठवड्यातून एकदा येऊन मन लावून अर्धा तास बसणारा अधिक देऊन जातो. महत्त्वाचे आहे ते सातत्य. 'रविवारी येतो' असे सांगितले असेल तर रविवारी यावे.

वेळ मात्र बदलती ठेवावी. नेहमी दुपारी चार वाजता जाणाऱ्याला केंद्राची दुपारी चारचीच अवस्था दिसते. कधी सकाळच्या न्याहारीला, कधी संध्याकाळी, कधी सुट्टीच्या दिवशी गेल्यास माणसे किती आहेत, हाक मारल्यावर किती वेळाने येतात, जेवण गरम असते का, हे आपोआप दिसते. हे हेरगिरी म्हणून करायचे नाही. वेगवेगळ्या पाळ्यांतील लोकांशी ओळख होते, हाच त्याचा मोठा फायदा असतो. स्मृतिभ्रंशाच्या अनेक रुग्णांची अस्वस्थता दिवस मावळताना वाढते, त्यामुळे गप्पा आणि भेटी सकाळी, आणि संध्याकाळी गेलात तर केवळ शांत सोबत, असा क्रम बहुधा बरा पडतो.

भेटीत बोलायला विषयच उरत नाही. काय करावे?

बोलण्याचा आग्रह सोडून हाताला काम शोधावे. नखे कापणे, केस विंचरणे, हातापायांना तेल किंवा मलम लावणे, कपाट आवरणे, जुने फोटो लावणे, कुंडीला पाणी घालणे यांत वेळही जातो आणि स्पर्शही होतो. केंद्रात होणारा बहुतेक स्पर्श कामापुरता असतो. निवांत धरलेला हात तिथे दुर्मिळ असतो.

'आठवतंय का तुम्हाला?' या प्रश्नाने संभाषणाची सुरुवात करू नये. स्मृती गेलेल्या माणसासाठी ती परीक्षाच असते आणि त्यात तो नापास होणार हे आधीच ठरलेले असते. त्यापेक्षा आपणच आठवण सांगावी आणि त्यांना नुसते ऐकू द्यावे. नातवंडांना न्यायला हरकत नाही. आजीआजोबा कसे दिसतील आणि कसे वागतील याची कल्पना त्यांना आधी द्यावी आणि खेळायला काहीतरी सोबत घ्यावे.

आई आता मला ओळखत नाही. मग जाऊन उपयोग काय?

नाव आणि नाते विसरले, तरी आपलेपणाची जाणीव पुष्कळदा टिकून राहते. भेट झाली हे आई तासाभरात विसरेल, पण भेटीमुळे आलेली प्रसन्नता त्यापेक्षा जास्त काळ रेंगाळू शकते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी स्मृतिभ्रंशाच्या काळजीबाबत हाच आग्रह धरला होता की मेंदूचा आजार कितीही वाढला तरी व्यक्तीचे व्यक्तीपण संपत नाही. तिच्या डोक्यावरून बोलणे, तिला घाई करणे, लहान मुलासारखे वागवणे यांनी मात्र ते खच्ची होते. आणि हे सगळे कर्मचाऱ्यांकडूनच होते असे नाही. आईसमोर बसून डॉक्टरांना 'ती हल्ली काहीच खात नाही' असे सांगणारे आपणच असतो.

याची दुसरी बाजू म्हणजे तुमचे स्वतःचे दुःख. माणूस समोर बसलेला आहे आणि तरीही तो हरवला आहे, अशा शोकाला समाजात कोणतेही विधी नाहीत, सांत्वनाला कोणी येत नाही. अमेरिकन अभ्यासक पॉलिन बॉस यांनी अशा अधांतरी वियोगाचा अनेक दशके अभ्यास केला. तो सहन करणे अवघड जाते याचे कारण तुमचा दुबळेपणा नसून त्या परिस्थितीलाच शेवट नसतो, असे त्यांचे सांगणे आहे. एखाद्या आठवड्यात जाववले नाही, तर न जाणे हाही पर्याय आहे.

प्रत्येक भेटीत 'मला घरी ने' असा हट्ट असतो. काय उत्तर द्यावे?

'हेच आता तुमचे घर' हे खरे असले तरी उत्तर म्हणून निरुपयोगी आहे. 'उद्या नेतो' हे खोटे आश्वासनही देऊ नये, कारण काहींना ते नेमके लक्षात राहते. घरी जाण्याच्या मागणीत अनेकदा दुसरेच काही दडलेले असते: दुखते आहे, भूक लागली आहे, एकटे वाटते आहे, लघवीला जायचे आहे. आधी ते तपासावे. मग घराविषयी बोलू द्यावे: अंगणात काय होते, दाराशी कोण बसायचे. बोलता बोलता हट्ट बहुधा निवळतो. नाही निवळला तर जवळ बसून राहावे. स्मृती शाबूत असलेल्या माणसाने हाच आग्रह धरला, तर मात्र ती लक्षण म्हणून टाळण्याची गोष्ट नाही. त्यांची मागणी गांभीर्याने ऐकून घ्यावी, काय शक्य आहे आणि काय नाही ते आडपडदा न ठेवता सांगावे.

जेवण आम्ही भरवले तर चालते का?

बहुतेक ठिकाणी चालते आणि कर्मचाऱ्यांनाही हातभार लागतो. पण आधी शिकून घ्यावे. गिळण्याची क्रिया बिघडलेली असेल तर घास किंवा पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. अशा व्यक्तींसाठी अन्न किती मऊ आणि पेय किती घट्ट असावे हे ठरवून दिलेले असते. त्यासाठी ० ते ७ अशा आठ पायऱ्यांची आंतरराष्ट्रीय पद्धत अनेक ठिकाणी वापरली जाते. आपल्या माणसासाठी कोणती पायरी ठरली आहे हे विचारल्याशिवाय घरून आणलेला आवडीचा पदार्थ देऊ नये, मग तो कितीही प्रेमाने केलेला असो.

भरवताना त्यांना ताठ बसवावे आणि आपणही समोर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे. उभ्याने भरवले की त्यांना मान वर करावी लागते आणि मान मागे झुकलेल्या अवस्थेत ठसका लागण्याचा धोका वाढतो. चमचा लहान घ्यावा, अर्धाच भरावा, तो खालच्या बाजूने ओठांपाशी आणावा, म्हणजे घास दिसतो. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली, म्हणजे घास गिळला गेला. तोपर्यंत दुसरा चमचा उचलू नये. पक्षाघात झालेल्यांच्या गालात घास साठून राहतो, त्यामुळे शेवटी तोंड उघडायला सांगून पाहावे. जेवणानंतर अर्धा तास तरी आडवे करू नये. खोकला येत असेल किंवा आवाज ओलसर, घरघरता झाला असेल तर थांबून परिचारिकेला बोलवावे. या सगळ्याला सहज पाऊण तास लागतो, आणि हाच पाऊण तास कर्मचाऱ्यांकडे नसतो.

आणखी कोणत्या बारीक गोष्टींकडे लक्ष द्यावे?

चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी. केंद्रात सर्वांत जास्त हरवणाऱ्या आणि हरवल्यावर सर्वांत जास्त नुकसान करणाऱ्या याच वस्तू आहेत. प्रत्येकीवर नाव घालावे. श्रवणयंत्र कानात आहे एवढ्यावर समाधान मानू नये. ते काढून मुठीत धरावे, शिटीसारखा आवाज आला तर ते बहुधा चालू असते, नाही तर बॅटरी संपलेली असते किंवा तोंडाशी मळ साचलेला असतो. 'आजोबा हल्ली प्रतिसाद देत नाहीत' या नोंदीमागे कित्येकदा एवढेच कारण निघते.

तोंडाच्या स्वच्छतेविषयी जरूर विचारावे. जपानमधील शुश्रूषा केंद्रांत झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नियमित दात व तोंड स्वच्छ केल्याने न्यूमोनियाचे प्रमाण कमी झाल्याचे दिसले होते. कवळी रात्री काढून ठेवली जाते का आणि हिरड्या पुसल्या जातात का, हे पाहणे म्हणूनच केवळ टापटिपीपुरते नाही.

कोणता बदल दिसला तर लगेच कळवावे?

एक-दोन दिवसांत, किंबहुना काही तासांत उद्भवलेला गोंधळ सर्वांत आधी. स्मृतिभ्रंश महिन्यावर्षांनी वाढतो. कालपर्यंत बोलणारा माणूस आज असंबद्ध बोलू लागला, त्याला भास होऊ लागले, किंवा तो मध्येच शुद्धीवर आल्यासारखा आणि मध्येच हरवल्यासारखा वागू लागला, तर ते तीव्र संभ्रमाचे लक्षण असते. संसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे, बद्धकोष्ठता, लघवी अडकणे, नवे औषध, वेदना यांपैकी काहीही त्यामागे असू शकते आणि बहुधा त्यावर उपाय असतो. यातला फसवा प्रकार म्हणजे आरडाओरडा न करता नुसतेच झोपाळू होणे. असा रुग्ण कोणालाच त्रास देत नाही, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होते. 'वय झाले, चालायचेच' हे उत्तर अशा वेळी स्वीकारू नये. 'परवापर्यंत ते वर्तमानपत्र वाचत होते, आज त्यांना माझे वाक्य पुरते ऐकता येत नाही' असे ठोस शब्दांत सांगून तपासणीची मागणी करावी.

दुसरे म्हणजे वजन. महिन्याभरात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट ही चिंतेची मानली जाते. ६० किलो वजनाच्या व्यक्तीच्या बाबतीत महिन्यात ३ किलो. वजनाची नोंद मागून पाहावी, कारण रोज पाहणाऱ्याच्या नजरेला हळूहळू होणारी घट दिसत नाही.

तिसरे, त्वचा. माकडहाड, टाचा, कमरेची हाडे आणि कोपर या जागी अंथरुणातील दाबामुळे व्रण होतात. लालसर डाग बोटाने दाबल्यावरही फिका होत नसेल, तर ती सुरुवात असते. गडद वर्णाच्या त्वचेवर लाली सहसा दिसत नाही. तिथे भोवतालच्या त्वचेपेक्षा गरम, टणक किंवा वेगळ्या छटेचा भाग शोधावा. स्वतः हलता न येणाऱ्यांची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलण्याची रीत आहे; गादीचा प्रकार आणि त्वचेची अवस्था पाहून ही वेळ कमीजास्त ठरवतात. आपल्या माणसासाठी काय ठरले आहे ते विचारावे.

याशिवाय पडणे, नवी जखम किंवा काळानिळा डाग, एका बाजूचा चेहरा किंवा हात लुळा पडणे, धाप लागणे, यांसाठी भेटीच्या शेवटापर्यंत थांबू नये.

बोलता येत नसेल तर दुखते आहे हे कसे ओळखावे?

शरीरावरून. प्रगत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी २००३ साली तयार झालेल्या एका मोजपट्टीत पाच गोष्टी पाहतात: श्वास, कण्हणे किंवा ओरडणे, चेहऱ्यावरील भाव, शरीराची हालचाल, आणि समजूत घातल्यावर शांत होणे. प्रत्येकीला ० ते २ असे गुण देऊन १० पैकी बेरीज करतात. केंद्रात अशी नोंद ठेवतात का, ते विचारावे. घरच्यांना तर याहूनही बारीक खुणा ठाऊक असतात. वडिलांना दुखायला लागले की ते खालचा ओठ चावतात किंवा उगाच पांघरुणाची कड चुरगळतात, ही माहिती त्या एका पानावर लिहिलेली असावी. अंघोळीच्या वेळी मारायला धावणारी व्यक्ती हट्टी असेलच असे नाही. तिचा खांदा दुखत असू शकतो.

औषधांविषयी किती विचारपूस करावी?

मोकळेपणाने करावी. सध्या चालू असलेल्या सर्व औषधांची यादी मागावी आणि प्रत्येकासमोर ते कशासाठी आहे, कधीपासून आहे आणि कधीपर्यंत द्यायचे आहे हे विचारावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकदा कोणाकडेच नसते, आणि तोच प्रश्न सर्वांत उपयोगाचा आहे. ज्येष्ठांसाठी धोकादायक ठरू शकणाऱ्या औषधांची आज जगभर वापरली जाणारी यादी अमेरिकन डॉक्टर मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये प्रथम केली, ती शुश्रूषा केंद्रांतील रहिवाशांसाठीच. सर्दीच्या काही जुन्या गोळ्यांपासून झोपेच्या औषधांपर्यंत अनेक नेहमीची नावे तिच्यात आहेत.

शांत ठेवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मनोविकारांवरील औषधांबाबत विशेष जागरूक असावे. स्मृतिभ्रंश असलेल्या ज्येष्ठांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिला. ती कधीच देऊ नयेत असे नाही. पण देण्यापूर्वी वेदना, बद्धकोष्ठता, गोंगाट, एकटेपणा अशी साधी कारणे पाहिली का, कुटुंबाला सांगितले का, आणि औषध बंद करून पाहण्याची तारीख ठरली आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मात्र कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नये, आणि घरून आणलेली गोळी, काढा किंवा चूर्ण गुपचूप देऊ नये.

काळजीचा आराखडा ठरवण्याच्या बैठकीत आम्ही काय बोलावे?

अनेक केंद्रांत दर काही महिन्यांनी अशी बैठक होते. होत नसेल तर मागून घ्यावी. वेळ थोडा असतो, म्हणून तीनच मुद्दे लिहून न्यावेत. 'आईकडे नीट लक्ष द्या' ही विनंती कोणालाच अमलात आणता येत नाही. 'आईला दुपारच्या जेवणानंतर शौचालयात न्या, कारण ती त्याच वेळी एकटी उठते आणि पडते' ही येते. आईला बैठकीत बसता येत असेल तर तिला बोलवावे आणि प्रश्न आधी तिला विचारावा. जे ठरेल ते कोण करणार आणि कधी तपासणार, हे लेखी घ्यावे.

तक्रार केली तर त्याचा राग आमच्या माणसावर निघेल, अशी भीती वाटते.

पाण्यात राहून माशाशी वैर नको, या विचाराने पुष्कळ कुटुंबे गप्प बसतात. ही भीती स्वाभाविक आहे, पण मौनाने संरक्षण मिळत नाही. तक्रार व्यक्तीविषयी न करता घटनेविषयी करावी: कोणत्या दिवशी, किती वाजता, काय दिसले, कोणाला सांगितले, त्यांनी काय उत्तर दिले. 'तुमची माणसे निष्काळजी आहेत' यावर वाद होतो. 'मंगळवारी सकाळी अकरा वाजता अंथरुण ओले होते आणि साडेबाराला मी निघाले तेव्हाही ते तसेच होते' यावर वादाला जागा राहत नाही. आधी पाळीप्रमुखाच्या कानावर घालावे, मग व्यवस्थापनाला लेखी द्यावे, आणि तरीही चालढकल झाली तर देखरेख करणाऱ्या शासकीय यंत्रणेकडे जावे. इतर रहिवाशांचे कुटुंबीय एकत्र आले तर एकट्यादुकट्यावर रोख राहत नाही. काही देशांत तर अशा कुटुंब-मंडळांना कायद्याने मान्यता आहे. मारहाण, बांधून ठेवणे, पैशांचा अपहार किंवा लैंगिक अत्याचाराचा संशय असेल, तर या पायऱ्या चढत बसू नये. थेट पोलिसांकडे जावे.

जे चांगले चालले आहे तेही नाव घेऊन सांगावे. कर्मचाऱ्यांशी फक्त तक्रारीपुरते बोलणाऱ्या माणसाला पाहून ते टाळू लागतात, आणि मग माहितीही मिळेनाशी होते. पैशांची बक्षिसी मात्र टाळावी. त्याने काळजीला दर लागतो.

खोलीत कॅमेरा बसवावा का?

आधी कायदा आणि केंद्राचा नियम पाहावा, ज्याच्यावर कॅमेरा रोखायचा त्याची, आणि खोलीत दुसरे कोणी राहत असेल तर त्याचीही संमती घ्यावी. आमच्या मते अत्याचाराचा रास्त संशय असेल तरच हा मार्ग योग्य. एरवी कपडे बदलतानाचे चित्रण दूरच्या फोनवर दिसत राहणे हा त्या माणसाचा अपमानच आहे.

भावंडांमध्ये एकमत नसेल तर?

केंद्राशी बोलणारी व्यक्ती एकच ठेवावी आणि तिने इतरांना ठरावीक दिवशी सारखाच मजकूर कळवावा. दूर राहणाऱ्यांना उंटावरून शेळ्या हाकण्याचा मोह होतो. त्यांनी सल्ल्यापेक्षा काम मागून घ्यावे. बिले तपासणे, विम्याची कागदपत्रे पाहणे, औषधांची यादी अद्ययावत ठेवणे, ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल करणे ही कामे दुरून उत्तम होतात. वाद टोकाला गेला तर 'आपल्याला काय वाटते' हा प्रश्न बाजूला ठेवून 'त्यांनी स्वतः काय ठरवले असते' हा विचारावा. उत्तर पुष्कळदा सर्वांना ठाऊक असते.

संसर्गाची साथ आली आणि भेटी बंद झाल्या तर?

२०२० च्या कोविड साथीत जगभरातील केंद्रांनी दारे बंद केली आणि अनेकांचे शेवटचे दिवस घरच्यांना न पाहता गेले. कुटुंबीय हे केवळ पाहुणे नसून काळजीचा भाग आहेत, हे त्यानंतर अनेक ठिकाणी मान्य झाले आणि भेटबंदीच्या काळातही एका नियुक्त नातेवाइकाला आत येऊ द्यावे, असे नियम काही देशांत आले. आपल्या केंद्राचे धोरण काय आहे, ते साथ नसतानाच लेखी मागून ठेवावे. एरवी सर्दी-खोकला, ताप किंवा जुलाब असताना जाऊ नये. हात साबणाने धुवावेत. उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचे द्रावण पुरेसे चालत नाही.

शेवटच्या टप्प्यातील निर्णय कधी बोलावेत?

त्यांना स्वतःला बोलता येते आहे तोवर. पुन्हा रुग्णालयात न्यायचे का, हृदय थांबल्यास ते चालू करण्याचा प्रयत्न करायचा का, कृत्रिम श्वास हवा का, निर्णय कोणी घ्यायचा, हे विचारून लिहून ठेवावे आणि त्याची प्रत केंद्राच्या नोंदीत आहे याची खात्री करावी. नाही तर रात्री दोन वाजता फोन येतो आणि अर्धवट झोपेत उत्तर द्यावे लागते.

सर्वांत अवघड ठरतो तो नळीने अन्न देण्याचा प्रश्न. प्रगत स्मृतिभ्रंशात माणूस खाणे सोडतो, तेव्हा पोटात नळी घातल्याने आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळतो, असे आढळलेले नाही. अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञांची संघटना अशा वेळी नळीऐवजी काळजीपूर्वक हाताने भरवण्याचीच शिफारस करते. घेतील तेवढे द्यावे, ओठ ओले ठेवावेत, तोंड पुसावे. उपाशी ठेवल्याचा दोष मनाला लागतो, पण या टप्प्यावर भूक मंदावते ती आजारामुळे. खाणे थांबल्यामुळे माणूस जात नाही, तर तो जाऊ लागला आहे म्हणून खाणे थांबते. हे सर्व भावंडांनी एकत्र बसून डॉक्टरांच्या तोंडून ऐकावे.

केंद्र बदलण्याचा विचार केव्हा करावा?

लेखी तक्रारीनंतरही तीच चूक पुन्हा होत असेल, दाबव्रण वाढत असतील, माणसे सतत सोडून जात असतील किंवा प्रश्न विचारल्यावर भेटीच बंद केल्या जात असतील, तर. केवळ इमारत जुनी आहे किंवा जेवण घरच्यासारखे नाही यासाठी बदलू नये, कारण प्रत्येक स्थलांतराची किंमत रुग्णालाच मोजावी लागते. बदलायचेच ठरले तर औषधांची यादी, वजनाची आणि त्वचेची नोंद, गिळण्याविषयीच्या सूचना आणि तुम्ही लिहिलेले ते एक पान नव्या केंद्रातील परिचारिकेच्या हातात स्वतः द्यावे, आणि शक्यतो सकाळी हलवावे, म्हणजे नव्या जागी पहिली रात्र येण्याआधी त्यांच्याजवळ बसायला दिवस हाताशी राहतो.